मोफत आणि मुक्त : वाचकांचे प्रश्न

इंटरनेटवरील उपयुक्त आणि विनामूल्य संकेतस्थळांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या वेळी उत्तरांसाठी निवडली आहेत. पत्रांतील वैयक्तिक तपशील वगळून केवळ प्रश्न तेवढे ठेवले आहेत.

प्रश्न : जे मोफत मिळते त्याची किंमत आपण दुसऱ्या कोणत्या तरी रूपात मोजतच असतो, असे माझा मुलगा सांगतो. असे असेल तर मोफत संकेतस्थळ वापरावे तरी कसे, आणि विश्वासाचे कोणते हे ओळखावे कसे? (एक निवृत्त शिक्षिका)

आपल्या चिरंजीवांचे म्हणणे निम्मे खरे आहे. संकेतस्थळ चालवायला संगणक लागतात, वीज लागते, देखभाल करणारी माणसे लागतात, आणि हा खर्च कोणीतरी करतच असतो. प्रश्न एवढाच की तो कोण करतो आणि कशासाठी करतो. काही सेवा जाहिरातींवर चालतात आणि आपण काय पाहिले, काय शोधले याची नोंद ठेवून त्या जाहिराती नेमक्या केल्या जातात. तेथे आपली सवय हीच किंमत असते. काही सेवा मर्यादित भाग मोफत देतात आणि पूर्ण सुविधेसाठी पैसे घेतात. हा उघड व्यवहार आहे आणि त्यात वावगे काही नाही. तिसरा वर्ग मात्र आपल्या चिरंजीवांच्या हिशेबातून सुटलेला दिसतो. 15 जानेवारी 2001 रोजी सुरू झालेला विकिपीडिया आजही एकही जाहिरात न दाखवता चालतो. त्याचा खर्च मुख्यतः जगभरातील वाचकांच्या छोट्या छोट्या देणग्यांतून भागतो आणि मजकूर स्वयंसेवक लिहितात. विद्यापीठे, ग्रंथालये आणि सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संस्था यांच्या सेवाही याच वर्गात येतात.

म्हणून मी स्वतः कोणतीही नवी सेवा वापरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारतो. हिचा खर्च कोण उचलतो? आणि उद्या मला येथून निघायचे झाले, तर माझे सामान माझ्याबरोबर नेता येईल का? दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर न शोधल्याची शिक्षा मी भोगली आहे. काही वर्षांपूर्वी लेख साठवून ठेवण्याची एक मोफत सेवा मी वापरत होतो. ती बंद होणार असल्याची सूचना जुन्या ईमेल खात्यावर आली, ते खाते मी उघडतच नव्हतो, आणि मला कळले तेव्हा माझे जवळपास सहा वर्षांचे लेखन तेथून नाहीसे झालेले होते. ती सेवा मोफत होती, पण मुक्त नव्हती. तेथील मजकूर एकगठ्ठा उतरवून घेण्याची सोयच तिने दिलेली नव्हती.

मोफत आणि मुक्त या दोन शब्दांतील हा फरक पुढील सर्व उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल. मोफत म्हणजे आज पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे ती वस्तू आपण उतरवून घेऊ शकतो, तिची प्रत दुसऱ्याला देऊ शकतो, आणि मूळ देणारा उद्या नसला तरी ती आपल्यापाशी राहते. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने 2002 पासून तयार केलेले परवाने नेमके हेच लेखी स्वरूपात सांगतात. एखाद्या पानाच्या तळाशी अशा परवान्याचा उल्लेख दिसला, तर त्या पानाकडे अधिक विश्वासाने पाहण्यास हरकत नाही, मात्र परवान्याच्या अटी (मूळ लेखकाचे नाव देणे, व्यापारी उपयोग न करणे इत्यादी) वाचून घ्याव्यात.

प्रश्न : पूर्वी वाचलेला एक चांगला लेख पुन्हा शोधला, तर ‘हे पान सापडत नाही’ असा संदेश येतो. असे हरवलेले पान परत मिळवता येते का? (एक ग्रंथपाल)

पुष्कळदा येते, आणि त्यासाठी जगात सर्वाधिक उपयोगी पडणारी जागा म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह. ब्रूस्टर काहल यांनी ही ना-नफा संस्था 1996 मध्ये स्थापन केली आणि तेव्हापासून ती संकेतस्थळांच्या प्रती घेऊन साठवत आली आहे. त्या प्रती सामान्य माणसाला पाहता याव्यात म्हणून 2001 मध्ये ‘वेबॅक मशीन’ खुले झाले. आर्काइव्ह डॉट ऑर्ग या पत्त्यावर ते मिळते.

ते वापरायचे असे. हरवलेल्या पानाचा संपूर्ण पत्ता तेथील चौकटीत लिहावा. मग वर्षांची एक पट्टी दिसते. वर्ष निवडले की दिनदर्शिका उघडते आणि ज्या ज्या दिवशी त्या पानाची प्रत घेतली गेली, त्या तारखांवर रंगीत वर्तुळे दिसतात. निळे वर्तुळ असलेली तारीख निवडली, तर पान त्या दिवशी जसे होते तसे समोर येते. अगदी अलीकडची प्रत ‘पान सापडत नाही’ असाच संदेश दाखवण्याची शक्यता असते, कारण यंत्राने तोही इमानेइतबारे साठवलेला असतो. अशा वेळी एक-दोन वर्षे मागे जावे. पत्ता आठवत नसेल, तर ज्या संकेतस्थळावर लेख होता त्याच्या मुखपृष्ठाची त्या काळातील प्रत उघडून तेथील दुव्यांवरून आत शिरता येते. माझ्या हरवलेल्या लेखनापैकी साधारण एक तृतीयांश भाग मला याच वाटेने परत मिळाला. उरलेल्याची प्रत कोणी घेतलेलीच नव्हती.

पाने हरवणे ही अपवादात्मक गोष्ट नाही. प्यू रिसर्च सेंटरने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की 2013 मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी 38 टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती. लाखो लोकांनी हौसेने उभारलेली पाने ज्या ‘जिओसिटीज’वर होती, ती सेवा 2009 मध्ये बंद झाली, तेव्हा स्वयंसेवकांनी दिवसरात्र खपून त्यांतील मोठा भाग उतरवून घेतला म्हणून तो आज पाहता येतो.

आपण ग्रंथपाल आहात म्हणून एक सवय आवर्जून सुचवतो. वेबॅक मशीनच्या पानावरच एखादा पत्ता देऊन त्याची प्रत त्याच क्षणी जतन करण्याची सोय आहे. लेखात, प्रबंधात किंवा सूचीत एखाद्या पानाचा संदर्भ द्यायचा असेल, तर आधी त्याची प्रत जतन करावी आणि मूळ पत्त्याबरोबर जतन केलेल्या प्रतीचा पत्ताही द्यावा. यास अर्धे मिनिट लागते आणि पुढच्या वाचकाची फरफट टळते.

मर्यादाही लक्षात असू द्याव्यात. प्रवेशासाठी खाते लागणारी पाने तेथे सहसा नसतात, मूळ मालकाने विनंती केल्यास प्रती काढल्या जातात, आणि चित्रे किंवा चित्रफिती पुष्कळदा गळलेल्या असतात. शिवाय हा संग्रह एका संस्थेच्या खांद्यावर उभा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यात या संस्थेच्या सुमारे 3 कोटी 10 लाख खात्यांची माहिती चोरीस गेली आणि संकेतस्थळ काही दिवस बंद राहिले. संग्रह सुरक्षित राहिला, तरी ते दिवस मला फार अस्वस्थतेचे गेले, हे येथे नोंदवावेसे वाटते.

प्रश्न : कायदा न मोडता मोफत वाचता येतील अशी पुस्तके कोठे मिळतात? कोणीतरी पाठवलेल्या दुव्यावरून पुस्तक उतरवताना मनात अपराधी वाटते. (एक गृहिणी)

आपल्याला तसे वाटते हे योग्यच आहे. हयात लेखकाचे विक्रीत असलेले पुस्तक कोणी परस्पर वाटत असेल, तर ते घेऊ नये. तशी गरजही नाही, कारण लेखाधिकाराची (कॉपीराइटची) मुदत संपलेल्या पुस्तकांचा साठाच एका आयुष्यात वाचून संपणार नाही एवढा आहे.

यातील सर्वांत जुना उपक्रम प्रोजेक्ट गुटेनबर्ग. 4 जुलै 1971 रोजी मायकेल हार्ट या इलिनॉय विद्यापीठातील विद्यार्थ्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा विद्यापीठाच्या संगणकावर स्वतः टंकित करून इतरांसाठी उपलब्ध केला, आणि त्या एका कागदापासून सुरू झालेल्या संग्रहात आज 75 हजारांहून अधिक पुस्तके आहेत. खाते उघडावे लागत नाही, जाहिरात नाही, आणि उतरवून घेतलेले पुस्तक कोणत्याही वाचनयंत्रावर चालते. मुक्त या शब्दाचा अर्थ एका उदाहरणातून समजावून सांगायचा झाला, तर मी हेच उदाहरण देईन. याच पुस्तकांची अधिक देखणी आणि मुद्रणदोष काढलेली आवृत्ती हवी असेल, तर स्टँडर्ड ईबुक्स पाहावे. ऐकायची असतील, तर लिब्रिव्हॉक्स आहे. 2005 पासून स्वयंसेवक तेथे मुदतमुक्त पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतात. आवाजांचा दर्जा कमी-अधिक असतो, परंतु चांगले वाचक सापडले की त्यांच्या नावावर टिचकी देऊन त्यांनी वाचलेली इतर पुस्तकेही शोधता येतात. मराठी वाचकांसाठी मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकांची छायापाने आणि टंकित मजकूर शेजारी शेजारी ठेवलेला आढळतो, त्यामुळे शंका आली तर मूळ पानाशी ताडून पाहता येते.

लेखाधिकाराची मुदत देशागणिक वेगळी असते. लेखकाच्या मृत्यूनंतर 50, 60 किंवा 70 वर्षे अशा मुदती निरनिराळ्या देशांत आढळतात, आणि अमेरिकेत जुन्या प्रकाशित पुस्तकांसाठी प्रकाशनापासून 95 वर्षे मोजली जातात. प्रोजेक्ट गुटेनबर्ग अमेरिकी कायद्यानुसार चालते, म्हणून तेथे असलेले पुस्तक आपल्या देशातही मुक्त आहेच असे गृहीत धरू नये.

इंटरनेट आर्काइव्हच्या ओपन लायब्ररीविषयीही बरेच जण विचारतात. छापील पुस्तकाची प्रतिमा करून ती एका वेळी एकाच वाचकाला ठरावीक मुदतीसाठी द्यावी, अशी तिची पद्धत होती. चार मोठ्या प्रकाशकांनी 2020 मध्ये याविरुद्ध दावा लावला, 2023 मध्ये न्यायालयाने प्रकाशकांच्या बाजूने निकाल दिला आणि सप्टेंबर 2024 मध्ये अपिलातही तो कायम राहिला. परिणामी पाच लाखांहून अधिक पुस्तके वाचनासाठी देणे बंद झाले. लेखाधिकार संपलेली पुस्तके तेथे आजही उघडता येतात आणि दृष्टिदोष असलेल्या वाचकांसाठी वेगळी सोय आहे. लेखकाला मोबदला मिळाला पाहिजे हे मला मान्य आहे. पण एवढी पुस्तके या निकालामुळे वाचकांपासून दूर गेली, याचे मला खरोखर दुःख आहे.

प्रश्न : मी पदव्युत्तर अभ्यास करतो. हवा तो शोधनिबंध समोर दिसतो, परंतु तो उघडण्यासाठी मोठी रक्कम मागितली जाते. (एक विद्यार्थी)

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की निबंध एका ठिकाणी पैशांशिवाय मिळत नाही याचा अर्थ तो कोठेच मिळत नाही असा नसतो. पुष्कळ लेखक आपल्या निबंधाचा मसुदा विद्यापीठाच्या संग्रहात कायदेशीरपणे ठेवतात. ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरला जोडण्याचे साधन अशी प्रत उपलब्ध असल्यास निबंधाच्या पानावरच खूण दाखवते. भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र यांसाठी ‘आर्काइव्ह’ या नावाचाच, पण वेगळ्या स्पेलिंगचा (arXiv), निबंधसंग्रह आहे. पॉल गिन्सपार्ग यांनी तो 1991 मध्ये सुरू केला, आणि पुढे तो कॉर्नेल विद्यापीठात गेला. रशियन गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमन यांनी पॉइंकारे यांच्या अनुमानाची (दीर्घकाळ न सुटलेल्या एका गणिती कोड्याची) सिद्धता 2002 आणि 2003 मध्ये कोणत्याही नियतकालिकात न देता याच संग्रहात ठेवली होती, यावरून त्याचे स्थान कळावे. मात्र तेथील निबंध तज्ज्ञांच्या परीक्षणातून गेलेलेच असतात असे नाही, म्हणून आधारासाठी घेताना तो पुढे कोठे प्रसिद्ध झाला आहे का, हे पाहावे. वैद्यक आणि जीवशास्त्र यांसाठी 2000 साली सुरू झालेले पबमेड सेंट्रल पूर्ण निबंध देते. केवळ ‘पबमेड’मध्ये मात्र बहुधा सारांशच असतात, आणि या दोन नावांची गल्लत नेहमी होते. सर्व विषयांतील मुक्त नियतकालिके हवी असतील, तर डायरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स ही 2003 मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठात सुरू झालेली सूची पाहावी. पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट नियतकालिके टाळण्यासाठीही तिचा उपयोग होतो.

आणि हे सारे करूनही निबंध मिळाला नाही, तर लेखकालाच ईमेल पाठवावे. संशोधकाला आपला निबंध कोणी वाचू इच्छितो याचा आनंद असतो आणि निबंधासाठी भरलेल्या रकमेतून त्याला सहसा काहीच मिळत नसते. दोन-तीन वाक्यांत आपण कोण, निबंध कशासाठी हवा, एवढे लिहिणे पुरेसे आहे.

प्रश्न : दोन पीडीएफ जोडणे, छायाचित्र लहान करणे, अशी कामे मोफत करून देणारी असंख्य संकेतस्थळे आहेत. त्यांवर ओळखपत्रे आणि करारपत्रे चढवणे सुरक्षित आहे का? (एक कार्यालयीन कर्मचारी)

कविता किंवा सहलीचे छायाचित्र असेल, तर खुशाल चढवावे. ओळखपत्र, करारपत्र, वैद्यकीय अहवाल, पगारपत्रक यांपैकी काहीही अनोळखी संकेतस्थळावर चढवू नये. ‘आम्ही तासाभरात फाइल पुसतो’ असे आश्वासन तेथे लिहिलेले असते आणि ते खरेही असू शकेल, परंतु ते पाळले गेले की नाही हे तपासण्याचा कोणताही मार्ग आपल्यापाशी नसतो.

यावर उत्तम उपाय म्हणजे काम आपल्याच संगणकावर करणे. पीडीएफ जोडणे, तोडणे, पाने फिरवणे यांसाठी ‘पीडीएफसॅम बेसिक’ हे मुक्त सॉफ्टवेअर एकदा बसवले की इंटरनेटशिवाय चालते. पत्रे, तक्ते आणि सादरीकरणे यांसाठी लिबरऑफिस आहे. 2010 पासून द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते, आणि त्यातून थेट पीडीएफही करता येते. छापील पानाच्या छायाचित्रातून मजकूर काढायचा असेल, तर टेसरॅक्ट हे मुक्त साधन शंभरहून अधिक भाषा ओळखते आणि त्यांत मराठीही आहे. जोडाक्षरांत चुका होतात, म्हणून नंतर वाचून दुरुस्ती करावीच लागते.

काही संकेतस्थळे मात्र दिसायला संकेतस्थळे असली, तरी काम आपल्या ब्राउझरच्या आतच करतात आणि फाइल बाहेर पाठवत नाहीत. छायाचित्रांवर काम करणारे ‘फोटोपी’ असे चालते. त्यावर जाहिराती असतात, तरी छायाचित्र आपल्याच यंत्रात राहते. एखादे संकेतस्थळ या प्रकारचे आहे का, हे पाहण्याची एक सोपी चाचणी सांगतो. पान पूर्ण उघडल्यावर इंटरनेटची जोडणी बंद करावी आणि मग एखादी बिनमहत्त्वाची फाइल निवडून काम करून पाहावे. काम पूर्ण झाले, तर ते आपल्याच संगणकावर झाले हे निश्चित. खऱ्या कागदपत्रासाठीही हीच पद्धत वापरावी आणि जोडणी पुन्हा सुरू करण्यापूर्वी ते पान बंद करावे.

याच संदर्भात एक इशारा द्यावासा वाटतो. संशयास्पद फाइल तपासण्यासाठी ‘व्हायरसटोटल’ ही सेवा उत्कृष्ट आहे, कारण ती एकाच वेळी अनेक विषाणुरोधकांकडून फाइल तपासून घेते. तथापि तेथे चढवलेल्या फाइली सुरक्षा-क्षेत्रातील इतर कंपन्यांनाही पाहता येतात, आणि तिची रचनाच तशी आहे. म्हणून अनोळखी प्रोग्राम तेथे तपासावा, खासगी कागदपत्र तपासू नये.

प्रश्न : माझा पासवर्ड चोरीस गेला आहे का, हे सांगणारे संकेतस्थळ आहे असे ऐकले. पण तेथे पासवर्ड लिहिणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे नव्हे काय? (एक लेखापाल)

सर्वसाधारण नियम म्हणून आपली शंका शंभर टक्के बरोबर आहे, आणि ती येणे हेच सावधपणाचे लक्षण आहे. आपण ज्याविषयी ऐकले ते ‘हॅव आय बीन पोन्ड’ हे संकेतस्थळ असावे. ऑस्ट्रेलियातील सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी 2013 मध्ये ते सुरू केले. निरनिराळ्या सेवांवरील हल्ल्यांत फुटलेली माहिती एकत्र करून, आपला ईमेल पत्ता त्यांपैकी कोणत्या चोरीत सापडला, हे ते सांगते. वर उल्लेख केलेली इंटरनेट आर्काइव्हवरील चोरीही तेथे नोंदलेली आहे. या तपासणीसाठी केवळ ईमेल पत्ता द्यावा लागतो, पासवर्ड नाही.

पासवर्ड तपासण्याची वेगळी सोय तेथे आहे आणि तिची रचना मला इतकी आवडते, की ती थोडक्यात सांगतो. आपण लिहिलेल्या पासवर्डचे गणिती प्रक्रियेने 40 चिन्हांच्या एका ठशात रूपांतर होते आणि हे काम आपल्याच ब्राउझरमध्ये होते. त्या 40 पैकी केवळ पहिली 5 चिन्हे संकेतस्थळाकडे जातात. ती 5 चिन्हे समान असलेले, पूर्वी फुटलेल्या पासवर्डचे शेकडो ठसे संकेतस्थळ परत पाठवते, आणि त्यांत आपला ठसा आहे का, हे पुन्हा आपलाच ब्राउझर ताडून पाहतो. म्हणजे समोरच्याला आपला पासवर्ड कळत नाही आणि तरीही आपल्याला उत्तर मिळते. तरीही मन धजावत नसेल, तर ती सोय वापरू नये. ईमेल पत्त्याची तपासणी करून, ज्या सेवेचे नाव निघेल तेथील पासवर्ड बदलावा आणि तोच पासवर्ड इतरत्र वापरला असेल तर तेथेही बदलावा. पत्त्याच्या चोरीपेक्षा, एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरल्यामुळे होणारे नुकसान फार मोठे असते. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड लक्षात ठेवणे अशक्य असल्यामुळे ‘बिटवॉर्डन’ किंवा ‘कीपासएक्ससी’ यांसारखे मुक्त पासवर्ड-संग्राहक वापरावेत. पहिला आपला साठा कुलूपबंद करून इंटरनेटवर ठेवतो, दुसरा तो केवळ आपल्या संगणकावर ठेवतो, आणि दोन्हींतून सगळी सामग्री बाहेर काढता येते.

नावात थोडासा फरक असलेली बनावट संकेतस्थळे याच विषयात अधिक आढळतात, म्हणून पत्ता अक्षर-अक्षर पाहून मगच पुढे जावे.

प्रश्न : इतकी वर्षे मी अशा संकेतस्थळांचा लाभ घेतला. देणगी देण्याची माझी ऐपत नाही आणि आता दृष्टीही मंदावली आहे. काही परतफेड करता येईल का? (एक ज्येष्ठ वाचक)

आपले पत्र मी दोनदा वाचले. ही संकेतस्थळे पैशांइतकीच लोकांनी दिलेल्या वेळावर उभी आहेत. ओपनस्ट्रीटमॅप हा मुक्त नकाशा स्टीव्ह कोस्ट यांनी 2004 मध्ये सुरू केला. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा पुरेसा तपशीलवार नकाशा नव्हता, आणि जगभरातील शेकडो स्वयंसेवकांनी उपग्रह-छायाचित्रांवरून थोड्याच दिवसांत रस्ते आणि इमारती आखून दिल्या. मदतपथकांनी तो नकाशा प्रत्यक्ष वापरला. त्या स्वयंसेवकांपैकी बहुतेकांनी हैती कधी पाहिलेही नव्हते. प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या पुस्तकांपैकी मोठा भाग 2000 साली सुरू झालेल्या डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स या उपक्रमातून येतो, जेथे एक पान अनेक जण आळीपाळीने तपासतात आणि दिवसाला एक पान तपासणाऱ्याचेही स्वागत होते.

दृष्टी मंदावलेली असताना ही कामे आपल्याला त्रासाची होतील. आवाज चांगला असेल आणि मोठ्या अक्षरांत एक-एक वाक्य वाचणे जमत असेल, तर मोझिलाचा ‘कॉमन व्हॉइस’ हा उपक्रम पाहावा. यंत्रांना निरनिराळ्या भाषांतील बोलणे समजावे म्हणून तेथे लोकांचे आवाज गोळा केले जातात, त्यांत मराठीही आहे, आणि जमा झालेला संग्रह कोणालाही उतरवून घेता येतो. अशा संग्रहांत ज्येष्ठांच्या आवाजाचे मोल मोठे आहे, कारण यंत्राने केवळ तरुणांचे उच्चार ऐकलेले असतील, तर आजी-आजोबांचे बोलणे त्याला कळणार नाही.

वाचणे अजिबातच शक्य नसेल, तरीही एक काम आहे आणि ते कानांचे आहे. लिब्रिव्हॉक्सवर ध्वनिमुद्रित झालेले प्रत्येक प्रकरण प्रसिद्ध होण्यापूर्वी दुसऱ्या कोणीतरी पूर्ण ऐकावे लागते. साध्या तपासणीत मजकूर समोर धरावा लागत नाही; एखादे वाक्य दोनदा आले आहे का, मध्येच लांब शांतता पडली आहे का, आवाज मध्येच खालावला आहे का, एवढेच टिपायचे असते आणि चूक कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला आहे ते कळवायचे असते. पहिल्यांदा नाव नोंदवताना घरातील कोणाची तरी मदत घ्यावी आणि सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटांचे एखादे छोटे प्रकरण मागून घ्यावे.